श्रावणबाळचे पैसे आणि कूलरचे बिल

प्रश्न (महाल, नागपूर): आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या ७४ वर्षांच्या काकू श्रावणबाळ योजनेच्या दरमहा १५०० रुपयांवर गुजराण करतात आणि पारा ४५ अंशांवर गेला तरी बिलाच्या धास्तीने कूलर लावत नाहीत. त्यांना कसे समजवावे?

उत्तर (अजनी): आधी हिशेब मांडा. साधा कूलर सुमारे २०० वॅट घेतो, म्हणजे रोज दहा तास चालला तरी महिन्याला ६० युनिट होतात, आणि एकूण वापर १०० युनिटच्या आत राहिला तर सर्वांत कमी दर लागतो.

प्रश्नकर्ता: मीटर घरमालकाचा आहे. चार खोल्यांचे युनिट एकत्र मोजले जात असल्याने वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि तो काकूंच्याही माथी येतो.

उत्तर (अजनी): मग अडचण काकूंच्या समजुतीची नाहीच. घरमालकाची संमती मिळवून स्वतंत्र जोडणीसाठी अर्ज करा; कागदपत्रांसाठी मी सोबत येईन.

उत्तर (इतवारी): तोवर त्यांना दुपारी आपल्या घरी बसवा. वयानुसार तहान आणि घाम दोन्ही मंदावतात, त्यामुळे शरीर तापले तरी ते लवकर जाणवत नाही. ‘मला सवय आहे’ या त्यांच्या शब्दांवर कृपया विसंबू नका. टिनाच्या खोलीत त्या चूल पेटवत असतील, तर उज्ज्वला योजनेत पाच किलोचे सिलिंडरही मिळते, हेही सांगा.