सामगानातले आकडे कसे वाचायचे? मदत हवी आहे

मंडळी, सामवेदाच्या कौथुम शाखेच्या सामगानाची नीट माहिती कोणाला आहे का? ऋग्वेदातलीच ऋचा सामात आली की अक्षरं ताणली जातात, मधेच हाउ, औहोवा असे स्तोभ (गाण्यासाठी घातलेली, अर्थ नसलेली अक्षरं) येतात आणि ऐकताना अंगावर काटा येतो हो! पण छापील पोथीत अक्षरांवर १, २, ३ असे जे आकडे असतात ते गळ्यात कसे उतरवायचे तेच कळत नाहीये आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून स्वर दाखवतात तेही व्हिडिओत धड दिसत नाही. केरळातल्या नंबुद्री ब्राह्मणांचं जैमिनीय (सामवेदाचीच दुसरी शाखा) गान पण ऐकलं, ते फारच वेगळं, म्हणून आधी कौथुमच पक्कं करायचंय. प्रस्ताव, उद्गीथ या सामाच्या भागांपासून सगळं समजावून देणारे कोणी गुरुजी पुण्यात किंवा ऑनलाइन असतील तर प्लीज सांगा, आणि बायकांना शिकवतात का तेही.