संजीवनी एक नाही, चार!

बरेच जण म्हणतात की पाण्यात टाकली की हिरवी होणारी वाळकी बुटी म्हणजेच रामायणातली संजीवनी, विषय संपला. मला नाही पटत. ती बुटी म्हणजे सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस (हे तिचं शास्त्रीय नाव), पचमढीला गेलं की विकायला बसलेले असतात, आमच्या आजीने इंदूरला आणली होती, रात्री ताटलीत पाण्यात ठेवली आणि सकाळी बघतो तर मूठ उघडावी तशी उघडलेली, आम्ही पोरं गार! पण झाड परत हिरवं होतं म्हणून माणूसही उठेल, हे लॉजिक जरा जास्तच झालं ना.

आणि वाल्मीकी रामायणात जांबवान हनुमानाला एक नाही, चार वनस्पती सांगतो. मृतसंजीवनी, विशल्यकरणी म्हणजे रुतलेले बाण काढणारी, सावर्ण्यकरणी कातडीचा रंग परत आणणारी, आणि संधानी जोडणारी. म्हणजे चक्क युद्धातलं फर्स्ट एड किट! संधानीसाठी मला तर आपली कांडवेल आठवते, हाड मोडलं की जुनी माणसं तिचाच लेप लावायची (पुरावा नाही हं, माझा आपला अंदाज). शिवाय त्या औषधी हिमालयात, रात्री चमकणाऱ्या, आणि ही बुटी आपल्या विंध्य-सातपुड्यातल्या खडकांवर, मग हनुमान एवढ्या लांब कशाला गेला?