सॅलड आधी की नंतर?

क्रूझच्या जहाजावर सॅलड नेहमी मुख्य पदार्थाच्या आधी येतं आणि मेनूतून सीझर सॅलड (लेट्यूसची पानं, ड्रेसिंग आणि चीज) काही हटत नाही, अशी एक तक्रार ऐकू येते. ती रास्त आहे. पण तो जहाजाचा नव्हे, अमेरिकेचा रिवाज. मोठ्या क्रूझ कंपन्यांपैकी कार्निव्हल आणि रॉयल कॅरिबियन, दोन्हींची मुख्यालयं अमेरिकेतल्या मायामीत. गिऱ्हाईकही बरंचसं तिकडचंच. फ्रान्समध्ये हिरवी पानं साध्या व्हिनेग्रेटमध्ये (तेल-व्हिनेगरच्या ड्रेसिंगमध्ये) घोळवून मुख्य पदार्थानंतर, चीजच्या आधी देतात. मला तोच क्रम पटतो. जड जेवणावर आंबटसर पानं बरी वाटतात.

गंमत म्हणजे सीझर सॅलड मूळचं ना रोमचं, ना अमेरिकेचं. सीझर कार्दिनी या इटालियन माणसाने ते १९२४ मध्ये मेक्सिकोतल्या तिहुआनात केलं, असं सांगतात. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती आणि लोक सीमा ओलांडून तिथे प्यायला-जेवायला जायचे.

शाकाहारी मंडळींनी मात्र वेटरला विचारूनच सीझर सॅलड घ्यावं. ड्रेसिंगमध्ये बहुधा अँकोव्ही मासे वाटलेले असतात, आणि त्यात पडणारं अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) घालूनच करतात. ‘मांस नको’ एवढं सांगून हे दोन्ही टळतीलच असं नाही.

ग्रीसच्या बंदरात उतरलात तर तिथलं गावरान सॅलड खा. टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह, वर फेटा चीजची जाड चकती. लेट्यूसचं पानही नसतं. आपल्या कोशिंबिरीवर वाढलेल्या जिभेला ते लगेच रुचतं. फक्त दाण्याचं कूट तेवढं मागू नका!