मदत हवी आहे: चुलत्याला पोलिसांनी मारलं, तक्रार कुठे करायची?

माणदेशी_पोरगा: अर्जंट आहे. आम्ही मेंढपाळ धनगर. आमच्या आण्णांना सोमवारी रात्री वाड्यावरून (मेंढरांच्या मुक्कामावरून) उचललं, पट्ट्याने मारलं, बुधवारी सकाळी सोडलं, कागद काही नाही. मागे चुलती एकटी, वाघर (मेंढरांभोवतीची जाळी) सुटली आणि आठ कोकरं कुत्र्यांनी फाडली. एवढंच सांगा, ऑनलाईन तक्रार चालते का आणि कोकरांचे पैसे कोण देणार. फालतू सल्ले नकोत.

कोर्टातला_कारकून: जिल्हा कुठला? गुन्हा कसला? अटक दाखवली का नुसतं चौकशीला नेलं? दवाखान्यात गेलात का?

माणदेशी_पोरगा: कोकणात, तालुका लिहीत नाही, वाडा अजून तिकडेच आहे. बागेत मेंढरं शिरली म्हणून एकाने तक्रार केली, मग म्हणे गावातली चोरीपण तूच केलीस, कबूल हो. दवाखाना नाही, हळद लावलीय.

हापूस_७: राग मानू नका पण आमच्या कलमांची पालवी दरवर्षी जाते, त्याची भरपाई कोण देतं?

घोंगडीवाली: त्याला कोंडवाडा आहे की, पट्टा कशाला? लेंडीखत पाहिजे तेव्हा रानात मेंढरं बसवायला तुम्हीच बोलावता.

कोर्टातला_कारकून: ते राहू द्या. आजच सरकारी दवाखान्यात नेऊन एमएलसी (मारहाणीच्या जखमांची डॉक्टरी नोंद) करा, आठ दिवसांत वळ गेले की दाखवणार काय? कबुलीसाठी मारणं हा बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १२० चा गुन्हा आहे. ठाण्यात घेत नसतील तर लेखी तक्रार पोस्टाने एसपींना, बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) १७३(४), तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेट. राज्य मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जाता येतं. कोकरांचं नंतर बघू, पण फोटो काढून ठेवा.

जागता_पहारा: सीसीटीव्ही विसरलात! सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी केसमध्ये सांगितलंय, ठाण्यातलं फुटेज कमीत कमी वर्षभर ठेवायचं. जपून ठेवा म्हणून आजच लेखी अर्ज टाका.

आबा_पुणेकर: कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद असतो हो. आमदाराच्या पीएला फोन करा, माझ्या मेव्हण्याचं तासात काम झालं.

जागता_पहारा: मेव्हण्याला मत असेल त्या मतदारसंघात. वाड्याचं मत दोनशे किलोमीटर मागे राहिलंय.

यळकोट: मूळ दुखणं एसटी, धनगरांना अनुसूचित जमातीत धरत नाहीत. दाखला असता तर मारणाऱ्यांवर अ‍ॅट्रॉसिटी लागली असती, कुणी हात लावला नसता.

घोंगडीवाली: फासेपारधी एसटीतच आहेत, त्यांना पोलीस ओवाळतात का?

यळकोट: तो विषय वेगळा.

कोर्टातला_कारकून: हाही वेगळाच. धनगरांच्या एसटी दाखल्याच्या याचिका हायकोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळल्यात, त्यावर दुसरा धागा काढा.

नैरोबीहून: टांझानियात लोलियोंडोला जून २०२२ मध्ये हेच, शिकारीच्या राखीव रानासाठी १,५०० चौरस किलोमीटरला खुंट ठोकले, तिथल्या मसाई गुराख्यांवर गोळ्या झाडल्या, कित्येक सीमा ओलांडून इकडे केनियात आले. गुराख्याला कुठेच...

आबा_पुणेकर: मसाईंचं ऐकून आण्णांची पाठ बरी होणारे का?

माणदेशी_पोरगा: दवाखान्यात आलोय. डॉक्टर म्हणतात पोलिसांचं पत्र आणा. ज्यांनी मारलं त्यांच्याकडूनच?? आणि आण्णा म्हणतायत राहू दे, पुढच्या साली हीच वाट आहे. वाडा उद्या पहाटे हलतोय.

कोर्टातला_कारकून: पत्र लागत नाही. एमएलसी डॉक्टर स्वतःच नोंदवून ठाण्याला कळवतो. नाहीच म्हणाले तर नकार लेखी मागा. नवीन मुक्कामाच्या ठाण्यातही झिरो एफआयआर (हद्द न बघता नोंदवलेला गुन्हा) होतो, वाडा हलला म्हणून अडत नाही.

घोंगडीवाली: दादा, आण्णा अजून बाकावर बसलेत का? आत नेलं का?