ठेंगणा टोमॅटो: पानं सुरकुतली आहेत, बोकड्या (पानं आकसवणारा रोग) आहे की जातीचाच गुण?

नमस्कार. मी कोल्हापुरात कळंब्याकडे राहते. गच्चीवर 12 इंची कुंड्यांत टोमॅटोची आठ रोपं आहेत आणि ती ठेवावीत की उपटावीत हे मला रविवारपर्यंत ठरवायचंय.

मागच्या वर्षीचा साधा टोमॅटो माझ्या डोक्यावर गेला आणि वाऱ्यानं काठीसकट आडवा झाला. म्हणून यंदा बहिणीनं ‘टास्मानियन चॉकलेट’ या ठेंगण्या जातीचं बी आणून दिलं. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या हौशी बागवाल्यांनी मिळून केलेली जात. बी मोजून आठच होतं, पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरअखेर पेरलं. लाल माती, शेणखत, थोडं कोकोपीट, वर उसाच्या पाचटाचं आच्छादन. आता रोपं दीड फुटांची आहेत, खोड मात्र अंगठ्याएवढं जाड.

आठही रोपांची पानं गडद हिरवी, जाड, सुरकुतलेली. सासरे म्हणतात, “हा बोकड्या. सगळं उपटून टाक, नाहीतर मिरचीपण जाईल.” त्यांनी शिरोळात जन्मभर मिरची केली, त्यामुळे त्यांचा शब्द मला सहज बाजूला सारता येत नाही. पण सुरकुत्या तर रोप चार पानांचं असल्यापासून आहेत. दोन रोपांचं मात्र पंधरा दिवसांत बिनसलंय: शेंड्याची पानं बारीक, वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळ्या. फुलंही गळताहेत. आधीच्या सुरकुत्या आणि हे नवीन वळणं, दोन्ही एकच आहे का? फोटो जोडलेत.

प्रतिसाद:
ताई, आठही उपटू नका. जाड, गडद, सुरकुतलेलं पान आणि दणकट खोड ही ठेंगण्या टोमॅटोची ओळखच आहे, रोपवाटिकेत आम्ही त्यावरूनच ठेंगणी रोपं वेगळी काढतो. रोग नंतर येतो आणि शेंड्याकडून दिसतो. तुमची ती दोन रोपं मला बोकड्याचीच वाटतात, म्हणजे सासऱ्यांची नजर तिथे बरोबर आहे. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, त्यावर औषध नाही. सकाळी माशी सुस्त असते तेव्हा रोपावर पिशवी घालून मगच उपटा, कंपोस्टमध्ये टाकू नका. उरलेल्यांजवळ पिवळे चिकट सापळे लावा, आठवड्यातून एकदा संध्याकाळी निंबोळी अर्क पानांच्या खालून फवारा. बगलफुटी (पानाच्या बगलेतून येणारे फुटवे) खुडायची घाई करू नका, या जातीला गरज नसते. एक हाताभर काठी मात्र द्या, फळांचं वजन येतं.

धागाकर्ती:
खूप आभार दादा. पान उलटलं तर खरंच पांढरी माशी उडाली. दोन्ही रोपं पिशवीत घालून काढली, सासऱ्यांनीच धरून दिली. सहा राहिली, त्यातल्या एकाला बोराएवढं फळ धरलंय. मिरचीच्या कुंड्या शेजारीच आहेत, त्या किती लांब ठेवू?