मदत हवी आहे: इंग्रजीतलं 'जर-तर' मेलमध्ये नेमकं कसं लिहायचं?

वाडीनाका
नमस्कार मंडळी. मी नागपूरला वाडीत एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बुकिंग बघतो. शिक्षण मराठी माध्यमातून झालं. बिल्टी, ई-वे बिल, गाडी नंबर, वजन एवढं इंग्रजी रोजच्या सरावानं जमतं. 'इफ' आलं की मात्र हात अडतो.

मागच्या आठवड्यात हैदराबादला माल चालला होता. दुपारी गाडी निर्मलच्या पुढे निघाली आणि ड्रायव्हर म्हणाला, सहाच्या आत पोचतो. मी पार्टीला मेल टाकला. मनात होतं, 'गाडी सहापर्यंत पोचली तर आजच खाली होईल.' लिहिलं ते असं:

'इफ द ट्रक रीच्ड बाय सिक्स, इट वुड बी अनलोडेड टुडे.'

पावणेसहाला गाडी गेटवर उभी, आणि हमाल घरी गेलेले! गोडाउनवाला फोनवर म्हणाला, तुमचा मेल वाचून वाटलं गाडी आज काही येत नाही. रात्रभर गाडी तिथेच राहिली आणि परतीचा ठरलेला माल दुसऱ्या गाडीला गेला. मालक एका शब्दानं बोलले नाहीत, पण माझ्या मनातून ते जात नाही.

'इफ'च्या वाक्यांचे झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड असे चार प्रकार असतात, त्यांचा तक्ता पाठ केला. तरी लिहिताना यातला कोणता घ्यायचा, ते कळत नाही. 'पोचली' हा भूतकाळ ना? मग 'रीच्ड' चुकलं कुठे?

खडूफळा
भाऊ, मी 30 वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. ही चूक वह्यांमध्ये सतत दिसायची, आणि ती थेट आपल्या मराठीतून येते.

'गाडी पोचली तर' यातलं 'पोचली' दिसायला भूतकाळी आहे, पण गाडी तर अजून रस्त्यावर आहे. पोचण्याचं काम पुरं झालं तर, एवढंच मराठी तिथे सांगते. शाळेत 'संकेतार्थ', म्हणजे जर-तरची अट सांगणारं रूप, शिकलो होतो, तोच हा. 'उद्या पाऊस आला तर' म्हणतानाही आपण उद्याचंच बोलत असतो.

इंग्रजीला असं चालत नाही. खरोखर होऊ शकणारी गोष्ट असली की 'इफ'बरोबर साधा वर्तमानकाळ आणि पलीकडच्या वाक्यात 'विल':

'इफ द ट्रक रीचेस बाय सिक्स, इट विल बी अनलोडेड टुडे.'

पुढची गोष्ट आहे म्हणून 'इफ द ट्रक विल रीच' असंही लिहू नका. 'विल' एकदाच, पलीकडच्या भागात.

आता 'रीच्ड' आणि 'वुड'ने काय झालं ते बघा. 'इफ'च्या मागे भूतकाळ आणि पुढे 'वुड' असं आलं, की वाचणारा काळ मागे नेत नाही, खात्री कमी करतो. त्याला ऐकू आलं, 'समजा पोचलीच, तर खाली करता आली असती.' म्हणून त्यानं हमाल सोडले. त्याच्या वाचण्यात खोट नव्हती.

तक्त्यातले नंबर काही दिवस बाजूला ठेवा. लिहिण्याआधी गाडीकडे बघा. गाडी रस्त्यावर आहे आणि पोचू शकते, तर 'रीचेस' आणि 'विल'. तुमच्याकडे जादा गाडी नाहीच, पण असती तर पाठवली असती, असं आजचं सांगायचं असेल तर 'इफ वुई हॅड अ स्पेअर ट्रक, वुई वुड सेंड इट टुडे.' आणि सहा वाजून गेले, गाडी आली नाही, संधी संपली, तर 'इफ द ट्रक हॅड रीच्ड बाय सिक्स, इट वुड हॅव बीन अनलोडेड.' या शेवटच्या वाक्यात नकाराचा एक शब्द नाही, तरी गाडी पोचली नाही हे त्यात आलंच.

झिरो सोपा आहे, नेहमी घडतं ते: 'इफ यू लीव्ह ऑरेंजेस इन द सन, दे ड्राय आउट.' दोन्हीकडे वर्तमानकाळ.

संत्रागल्ली
ताईंनी फार नीट सांगितलं. माझा गोंधळ 'असता'पाशी व्हायचा, तो सांगतो. 'मला माहीत असतं तर मी आलो असतो.' मराठीत दोन्हीकडे 'असतं, असतो', म्हणून मीही दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहायचो: 'इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम.' बरोबर वाक्य आहे 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.' 'इफ'कडे 'हॅड', पलीकडे 'वुड हॅव'.

आणखी एक. 'पैसे असते तर गाडी घेतली असती' हे आपण आजचंही बोलतो आणि पाच वर्षांपूर्वीचंही. मराठीत 'आत्ता' किंवा 'तेव्हा' जोडलं की भागतं. इंग्रजीत आजचं असेल तर 'इफ आय हॅड मनी, आय वुड बाय', तेव्हाचं असेल तर 'इफ आय हॅड हॅड मनी, आय वुड हॅव बॉट'. तो दुहेरी 'हॅड' छापायची चूक समजून मी किती दिवस खोडत होतो.

वाडीनाका
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री जुने पाठवलेले मेल काढून बसलो, सगळीकडे तेच 'रीच्ड'.

आज एका पार्टीला हे पाठवायचं आहे, एकदा बघाल का?

'इफ यू रिलीज द पेमेंट टुडे, वुई विल लोड द गुड्स टुमॉरो. इफ यू हॅड इन्फॉर्म्ड अस ऑन मंडे, वुई वुड हॅव केप्ट अ ट्रक रेडी. अनलेस यू डोन्ट सेंड द इनव्हॉइस, वुई कॅनॉट मेक द ई-वे बिल.'

खडूफळा
पहिलं वाक्य चोख.

दुसरं व्याकरणात बसतं, पण पार्टीला टोचेल. गेलेल्या संधीचं वाक्य समोरच्याला उद्देशून लिहिलं की 'तुम्ही कळवलं नाही' असा ठपका त्यात येतो. मराठीत आपण 'सोमवारी सांगितलं असतं तर बरं झालं असतं भाऊ' म्हणतो, तेव्हा आवाजात नरमाई असते. मेलला आवाज नाही. धंदा पुढेही करायचा आहे, तर तेच पुढच्या वेळचं करून लिहा: 'इफ यू इन्फॉर्म अस टू डेज इन ॲडव्हान्स, वुई विल कीप अ ट्रक रेडी.'

तिसऱ्यात 'जोपर्यंत पाठवत नाही तोपर्यंत' मधला 'नाही' इंग्रजीत घुसला आहे. 'अनलेस'च्या पोटात नकार आधीच आहे. 'अनलेस यू सेंड द इनव्हॉइस' एवढंच ठेवा. 'डोन्ट' काढा आणि पाठवून द्या.