क्रॉस-कंट्रीसाठी हेल्मेट आणि बॉडी प्रोटेक्टर: मापाची खात्री कशी करावी?

सिंहगड_पालक यांचा प्रश्न

नमस्कार. माझी चौदा वर्षांची मुलगी पुण्यातील एका क्लबमध्ये घोडेस्वारी शिकते. आतापर्यंत ती ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा प्रकार) आणि शो जंपिंग (मैदानात मांडलेल्या अडथळ्यांवरील उड्या) करत होती. येत्या हंगामापासून प्रशिक्षक तिच्याकडून इव्हेंटिंगची तयारी करून घेणार आहेत, म्हणजे या दोन्हींच्या जोडीला क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातील भक्कम अडथळ्यांवरून दौड) असलेल्या तिहेरी खेळाची. भारताचे घोडेस्वार फौआद मिर्झा यांनी 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यपदके मिळवली, तेव्हापासून तिच्या मनात हाच खेळ आहे. परंतु शो जंपिंगमधील दांडा घोड्याचा पाय लागताच खाली पडतो आणि क्रॉस-कंट्रीतील ओंडका जागचा हलत नाही, हे समजल्यापासून साहित्याच्या बाबतीत कोणतीही तडजोड करायची नाही असे मी ठरवले आहे.

सध्या तिच्याकडे पुढे पीक (टोपीसारखी पुढे आलेली कडक कड) असलेले हेल्मेट असून त्याच्या आतील लेबलावर ईएन 1384:2012 असा युरोपीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे. इंग्लंडमधील नातेवाईक त्यांच्या मुलीचा बॉडी प्रोटेक्टर (धडावर घालायचा फोमचा संरक्षक अंगरखा) पाठवायला तयार आहेत. त्यावर जांभळे लेबल आहे आणि तो एक माप मोठा आहे. अंग वाढते आहे, दोन वर्षे पुरेल, असे त्यांचे म्हणणे. दुकानदार मात्र हवेने फुगणारे जॅकेट सुचवतो आणि ते घेतल्यास दुसरे काही लागत नाही असे सांगतो. यांपैकी काय घ्यावे आणि माप नेमके कसे तपासावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

निवृत्त_रिसालदार

नमस्कार. आपण खरेदीआधी विचारलेत हे फार चांगले झाले. दुकानात उभे राहून अंगाला ठीक वाटणारी वस्तू घोड्यावर बसल्यावर तशी राहीलच असे नसते, म्हणून मापाचा शेवटचा निर्णय खोगिरावर, उडीच्या पवित्र्यात, गुडघे दुमडून आणि कंबरेतून पुढे झुकूनच करावा. मी शिकवत असताना नव्या साहित्यातील प्रत्येक मुलाला आधी लाकडी घोड्यावर बसवत असे.

एक माप मोठा प्रोटेक्टर कृपया घेऊ नका. लांबीला मोठा असला की मुलगी खोगिरावर बसताच त्याची मागची खालची कड खोगिराच्या पाठीवर टेकते, संपूर्ण प्रोटेक्टर वर सरकतो आणि त्याची मानेजवळची कड हेल्मेटला मागून ढकलते. हेल्मेट डोळ्यांवर आले की समोरचा अडथळा दिसण्यात अडचण येते, आणि तीही नेमकी उडीच्या क्षणी. रुंदीला मोठा असला तर पडताना तो अंगाभोवती फिरतो आणि ज्या बरगडीवर फोम हवा तिथे तो नसतो.

योग्य माप असे ओळखावे. मान पुढे झुकवली असता मानेच्या तळाशी जे ठळक हाड हाताला लागते, तिथपर्यंत मागची वरची कड पोहोचली पाहिजे. पुढून वरची कड गळ्याच्या हाडापाशी यावी, पण श्वासनलिकेला टोचू नये. पुढची खालची कड शेवटच्या बरगडीच्या साधारण अडीच सेंटिमीटर खाली असावी, आणि मागची कड बसल्यावर खोगिरापासून सुटी राहावी. यातील फोम अंगाच्या उष्णतेने मऊ होऊन शरीराचा आकार घेतो; म्हणून प्रोटेक्टर घालून किमान पाच मिनिटे तसेच राहावे, नंतर खांद्यावरचे आणि बाजूचे पट्टे पुन्हा आवळावेत आणि मगच मत बनवावे. पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी दोन्ही हातांनी धरून तो वर उचलून पाहा. हनुवटीकडे सहज सरकत असेल तर माप चुकले. मुलीची छाती अजून वाढत असल्याने दर काही महिन्यांनी ही तपासणी पुन्हा करावी लागेल.

मराठी_ग्लॉस्टरशायर

मी इंग्लंडमध्ये राहते आणि इथल्या स्थानिक स्पर्धांत अडथळ्यापाशी पंच म्हणून उभी राहते, त्यामुळे लेबलांविषयी थोडे सांगू शकते. बॉडी प्रोटेक्टरचा युरोपीय मानक ईएन 13158 हा असून बीटा ही घोडेस्वारीच्या साहित्याची इथली व्यापारी संघटना त्याला धरून रंगीत लेबले देते. जांभळे लेबल म्हणजे 2009 च्या आवृत्तीतील तिसरी पातळी आणि निळे लेबल म्हणजे 2018 च्या आवृत्तीतील तिसरी पातळी. उड्यांसाठी तिसरीच पातळी हवी. पहिली पातळी शर्यतीच्या जॉकींसाठी असते. ब्रिटनमधील पोनी क्लब या मुलांच्या घोडेस्वारी संघटनेने जांभळे लेबल 2023 अखेरपर्यंतच चालवून घेतले. त्यातच हा फोम काळानुसार निकामी होत जातो आणि तीन ते पाच वर्षांत प्रोटेक्टर बदलावा अशी शिफारस आहे, म्हणजे नातेवाइकांचा प्रोटेक्टर मापाने बसला असता तरी मी तो घेऊ नका असेच म्हटले असते. त्यांची भावना चांगली आहे. त्यांना निळ्या लेबलाचा नवा आणण्याची विनंती करावी.

हेल्मेटचेही तसेच. जुना ईएन 1384 हा मानक युरोपीय आयोगाने 2014 मध्ये मान्य यादीतून काढला, तेव्हा केवळ त्या लेबलावर अवलंबून राहू नये. पीएएस 015 (ब्रिटिश), व्हीजी1 (युरोपीय), एएसटीएम एफ1163 किंवा स्नेल (दोन्ही अमेरिकी) यांपैकी एखाद्या मानकाची खूण पाहावी. ब्रिटिश मानकाच्या हेल्मेटवर काइटमार्क आणि अमेरिकी मानकाच्या हेल्मेटवर एसईआय ही खूण असली, तर त्या उत्पादनाची वेळोवेळी स्वतंत्र तपासणी होते असे समजावे. दुचाकीचे किंवा क्रिकेटचे हेल्मेट येथे चालत नाही.

क्रॉस-कंट्रीसाठी इथे कडक पीक नसलेली गोल स्कल कॅप लागते आणि तिच्यावर कापडी आवरण चढवतात. चेहऱ्यावर पडल्यास कडक पीक जमिनीत रुतून मान मागे झटकली जाऊ शकते, हे त्यामागचे कारण. सध्याचे हेल्मेट बदलायचेच आहे, तर स्कल कॅपच घ्यावी. ड्रेसाज आणि शो जंपिंगला वेगळ्या रंगाचे आवरण घालून तीच वापरता येते.

हेल्मेटचे माप घेताना टेप भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून डोक्याभोवती फिरवा. परिघ सारखा असूनही कोणाचे डोके लांबट, कोणाचे गोल असते, म्हणून एका कंपनीचे हेल्मेट कपाळाला टोचते आणि दुसऱ्या कंपनीचे त्याच मापाचे व्यवस्थित बसते. पट्टा न लावता हेल्मेट हलवले असता कपाळाची कातडीही बरोबर हलली पाहिजे. मुलीचे केस लांब असतील तर स्पर्धेला ती जसे बांधणार आहे तसेच बांधून माप घ्यावे. हेल्मेटखाली उंच अंबाडा किंवा जाड क्लिप अजिबात नको, मानेपाशी सैल वेणी किंवा खाली बांधलेला छोटा अंबाडा ठीक.

अस्थिरोग_नाशिक

फुगणाऱ्या जॅकेटविषयी दुकानदाराने सांगितलेले आपण मान्य करू नये. ते बॉडी प्रोटेक्टरच्या वर, जोडीला घालायचे साधन आहे. त्याची दोरी खोगिराला बांधलेली असते. स्वार दूर फेकला गेला की दोरी ताणली जाऊन कार्बन डायऑक्साइडची नळी फुटते आणि जॅकेट फुगते. घोडा स्वारासह कोलमडला आणि दोघांत अंतर पडलेच नाही, तर ते वेळेवर फुगेल याची खात्री नसते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2015 ते 2017 मधील आंतरराष्ट्रीय इव्हेंटिंग स्पर्धांतील पडण्याच्या नोंदी तपासून 2019 मध्ये निष्कर्ष मांडला, की हे जॅकेट घातलेल्या स्वारांत गंभीर दुखापतीचे प्रमाण कमी आढळले नाही, उलट अधिक आढळले. जॅकेटमुळेच दुखापत झाली असा याचा अर्थ होत नाही, कारण अशा नोंदींतून कारण सिद्ध होत नाही. पण केवळ त्याच्यावर विसंबण्यास आधार नाही एवढे निश्चित. घ्यायचेच असेल तर त्यावरचा नंबराचा बिब (स्पर्धकाच्या क्रमांकाचे छातीवरचे कापड) सैल किंवा ताणणारा असावा, आणि जॅकेटच्या वर कोट घालू नये.

पालक म्हणून आपल्याला आणखी एक गोष्ट माहीत असावी असे मला मनापासून वाटते. फोमचा प्रोटेक्टर जमिनीवरील आघात आणि खुराचा फटका सौम्य करतो; मणक्याला बसणारा पीळ किंवा अंगावर पडलेल्या घोड्याचे वजन तो पेलू शकत नाही. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह 1995 मध्ये क्रॉस-कंट्रीत पडले तेव्हा त्यांनी हेल्मेट आणि संरक्षक जॅकेट दोन्ही घातले होते, तरी मानेच्या वरच्या मणक्यांना इजा होऊन ते पंगू झाले. म्हणून प्रशिक्षक घोड्याच्या आणि मुलीच्या तयारीपेक्षा स्पर्धेचा वरचा वर्ग सुचवत असतील, तर आपण थांबायला सांगण्यात कमीपणा नाही.

दंडावर वैद्यकीय माहितीचे कार्ड असलेला पट्टा अवश्य बांधावा आणि त्यात रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे व डोक्याला पूर्वी झालेल्या दुखापती खऱ्याखुऱ्या लिहाव्यात.

सिंहगड_पालक

सर्वांचे मनापासून आभार. जांभळ्या लेबलाचा प्रोटेक्टर नाकारतो आहे आणि स्कल कॅप घेतो आहे. फुगणारे जॅकेट तूर्त बाजूला ठेवले आहे. दोन शंका राहिल्या: बूट तिच्याकडे जोधपुरी प्रकारचे आहेत, ते चालतील का? आणि पुण्याच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात हे साहित्य कसे ठेवावे?

निवृत्त_रिसालदार

जोधपुरी बूट हाफ चॅप्ससह (पोटरीवर चढवायच्या आवरणांसह) चालतील, मात्र टाच स्पष्ट असावी आणि तळवा बऱ्यापैकी गुळगुळीत असावा. खोल खाचांचा तळवा रिकिबीत अडकतो आणि स्वार फरफटतो. रिकीब बुटाच्या सर्वांत रुंद भागापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद असावी. क्लबची रिकीब मोठ्यांच्या मापाची असेल तर मुलीचा पूर्ण पाय त्यातून आरपार जाऊ शकतो, तेव्हा तिची स्वतःची जोडी घ्यावी.

हेल्मेट आणि प्रोटेक्टर उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कधीही ठेवू नका, उष्णतेने फोम आणि गोंद दोन्ही बिघडतात. पावसात भिजल्यास पंख्याखाली सावलीत वाळवा. हीटर किंवा केस वाळवण्याचे यंत्र वापरू नका. प्रोटेक्टर रुंद हँगरवर टांगावा, त्यावर खोगीर ठेवू नये. हेल्मेट डोक्यासह आपटले तर बाहेरून तडा दिसो वा न दिसो, ते बदलावे, आणि खरेदीची तारीख आतल्या पट्टीवर पक्क्या शाईने लिहून ठेवावी.